प्रोबायोटिकची बाटली कशी वाचायची, आणि ‘घडवलेल्या’ जीवाणूंची बातमी कशी

अँटिबायोटिकच्या चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत बहुतेक वेळा एक कॅप्सूल नाहीतर पिण्याची छोटी कुपी असते. ‘ही कशासाठी?’ विचारलं तर मेडिकलवाला सांगतो, ‘पोटासाठी.’ उत्तर खोटं नाही, पण त्यातून हाती काही लागत नाही. तीच कुपी जुलाबाला, तीच गॅसला, तीच तान्ह्या बाळाच्या रडण्याला, आणि शेजारच्या काकूंनी सांगितलं तर केस गळण्यालाही. दुसरीकडे पेपरात बातमी येते की जीवाणूंची जनुकं बदलून शास्त्रज्ञांनी कॅन्सरवर तोडगा काढला. वरवर पाहता या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण दोन्हीकडे जिवंत जीवाणू शरीरात सोडायचे असतात, आणि विचारायचे प्रश्नही जवळपास तेच: कोणता जीवाणू, कशासाठी, किती, आणि कोणाला नको.

सूक्ष्मजीवशास्त्राचा गंध नसलेल्या वाचकासाठी हे लिहितोय. डॉक्टरांना टाळण्यासाठी नाही, तर डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं विचारता यावं म्हणून.

पायरी १ : आधी आजाराचं नाव घ्या

‘पोट साफ राहावं’, ‘प्रतिकारशक्ती वाढावी’, ‘अंगात ताकद यावी’ या इच्छा झाल्या, आजार नव्हेत. प्रोबायोटिक विकणाऱ्यांना मात्र इच्छाच सोयीच्या पडतात, कारण ती पुरी झाली की नाही हे मोजता येत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी एका वाक्यात सांगता आलं पाहिजे: अँटिबायोटिक सुरू झाल्यापासून जुलाब लागलेत, मुलाला कालपासून पातळ शी होतेय, दूध प्यायलं की पोट फुगतं. वाक्य जमलं नाही तर बहुधा बाटलीचीही गरज नसते.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची जी व्याख्या केली, तीच थोड्या डागडुजीनंतर आजही चालते: पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करून देणारे जिवंत सूक्ष्मजीव. मेलेले चालत नाहीत, थोडके चालत नाहीत, आणि फायदा दाखवता आला पाहिजे. बाजारातला बराच माल या शेवटच्या अटीवर अडखळतो.

पायरी २ : नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाटलीवर जीवाणूचं नाव तीन तुकड्यांत असायला हवं. उदाहरणार्थ ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी’. पहिला तुकडा प्रजाती, दुसरा जाती, तिसरा स्ट्रेन. खरं काम तिसऱ्या तुकड्याचं असतं. कोकणातला माणूस हे चटकन समजेल: ‘आंबा’ म्हणून भागत नाही, ‘हापूस’ म्हणूनही पुरत नाही, कोणत्या झाडावरून बांधलेलं कलम आहे ते विचारावं लागतं. स्ट्रेन म्हणजे ते कलम. चाचणी त्या कलमावर झालेली असते, आणि निकालही त्याचाच असतो.

एकाच जातीत किती फरक असू शकतो याचं ठळक उदाहरण म्हणजे ई. कोलाय. ओ१५७:एच७ हा स्ट्रेन रक्ताचे जुलाब लावतो, मूत्रपिंडं निकामी करू शकतो. के-१२ हा प्रयोगशाळेतला पाळीव स्ट्रेन, त्याच्याकडून इन्शुलिन करून घेतात. आणि निसल १९१७ हा तिसरा चक्क औषध म्हणून विकला जातो. त्याच्याकडे पुढे येऊच, कारण घडवलेल्या जीवाणूंच्या गोष्टीत तो नायक आहे.

तेव्हा बाटलीवर नुसतं ‘लॅक्टोबॅसिलस’ किंवा ‘गुड बॅक्टेरियाचं मिश्रण’ एवढंच असेल, तर ठेवून द्या. जीजी, डीएसएम १७९३८, सीएनसीएम आय-७४५ अशी अक्षरं-आकडे दिसले तर निदान तो स्ट्रेन शोधता तरी येतो.

नावांच्या बाबतीत एक गोंधळ आधीच माहीत असलेला बरा. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस ही अवाढव्य प्रजाती शास्त्रज्ञांनी फोडून तिच्या पंचवीस केल्या. त्यामुळे वर सांगितलेला जीजी आता लॅक्टिकेसिबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी झाला. जुनं नाव, नवं नाव, दोन्ही बाटल्यांवर सापडतात, जीवाणू तोच. अशा वेळीही शेवटचा तुकडाच कामाला येतो.

असाच एक नामबदल आपल्या घराजवळचा आहे. एंटरोजर्मिना नावाची पाच मिलिलिटरची कुपी तुम्ही पाहिलीच असेल. तिच्यात बॅसिलस क्लॉसी या जीवाणूचे बीजाणू असतात. बीजाणू म्हणजे जाड कवचात झोपी गेलेला जीवाणू. उष्णता, पोटातलं आम्ल, बरीचशी अँटिबायोटिक्स यांना तो दाद देत नाही. पुण्याच्या एनसीसीएस या संस्थेतल्या संशोधकांना लोणार सरोवरात एक नवा जीवाणू सापडला. त्याचे नातेवाईक शोधता शोधता त्यांनी त्या सबंध गोतावळ्याची नव्याने मांडणी केली आणि २०२१ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्या मांडणीत बॅसिलस क्लॉसीचं नाव झालं शौचेला क्लॉसी. शौचेला हे नाव पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ डॉ. योगेश शौचे यांच्यावरून ठेवलेलं आहे. गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या कुपीतल्या जीवाणूला पुण्याच्या माणसाचं नाव आहे, हे मला भारी वाटतं. औषधाच्या गुणाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हेही खरं.

पायरी ३ : आकडा बघा, पण आकड्याला भुलू नका

सीएफयू म्हणजे प्रयोगशाळेतल्या बशीवर टाकल्यावर वाढून ठिपका उमटवू शकतील असे जिवंत जीवाणू. पाकिटावर हा आकडा बिलियनमध्ये असतो. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. भारतात खाद्यपदार्थ म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोबायोटिकमध्ये रोजच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जीवाणू असावेत असा एफएसएसएआयचा, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. याकुल्टच्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीवर ६५० कोटी लिहिलेलं असतं.

आकडे डोळे दिपवतात. तुमच्या शरीरात आधीच किती जीवाणू आहेत ते बघितलं की जमिनीवर येता. २०१६ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी केलेल्या हिशोबानुसार प्रौढ माणसात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात, त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. (‘आपल्या पेशींपेक्षा दहा पट जीवाणू’ हे वाक्य अजून सगळीकडे फिरतं, त्याच हिशोबाने ते प्रमाण जवळजवळ एकास एक निघालं.) दोनशे कोटींची कुपी म्हणजे या गर्दीत एकोणीस हजारांमागे एक पाहुणा. पाहुणा काही दिवस राहतो, काम करतो किंवा करत नाही, आणि बहुतेक वेळा निघून जातो. ‘आतड्यात चांगल्या जीवाणूंची वसाहत होते’ हे जाहिरातीतलं वाक्य ऐकताना हे लक्षात ठेवा.

जास्त आकडा म्हणजे जास्त गुण, असंही नाही. ज्या मात्रेवर चाचणी झाली ती मात्रा. आणखी एक बारीक गोष्ट: आकडा कारखान्यातून निघतानाचा आहे की मुदत संपण्याच्या दिवसापर्यंतचा, ते बघा. दुसरा विश्वासाचा.

पायरी ४ : परवाना आणि फ्रिज

भारतात काही प्रोबायोटिक औषधाच्या परवान्यावर येतात, काही अन्नाच्या. चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक दिसला तर ते कायद्याने अन्न. त्याने आजार बरा करण्याचा दावा करायचा नसतो. दोन्हीही वाईट नाहीत, पण अन्नाच्या परवान्याची वस्तू औषधाच्या तोऱ्यात विकली जात असेल तर सावध व्हा.

साठवण लेबलवर लिहिलेली असते. बीजाणूंच्या कुप्या बाहेर टिकतात. लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम यांच्या बऱ्याच उत्पादनांना गारवा लागतो. विदर्भात मे महिन्यात ज्या दुकानात फ्रिज फक्त कोल्ड्रिंकसाठी आहे, तिथून फ्रिजमधलं प्रोबायोटिक घेऊ नका.

पायरी ५ : पुरावा कुठे आहे, कुठे नाही

अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब: इथे पुरावा बरा आहे. मुलांवरच्या ३३ चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय पुरावा तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने) जो आढावा घेतला, त्यात प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांना, न घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना जुलाब झाले. म्हणजे नऊ मुलांना दिलं तर एकाचे जुलाब टळले. दिवसाला ५०० कोटींच्या वर मात्रा असेल तर गुण अधिक दिसला. जीजी आणि सॅकरोमायसिस बुलार्डी ही त्यातली भरवशाची नावं. बुलार्डी हा जीवाणू नव्हे, यीस्ट आहे. हेन्री बुलार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवरून तो वेगळा केला. यीस्ट असल्यामुळे जीवाणूंवरचं अँटिबायोटिक त्याला मारत नाही.

जुलाब टळले म्हणजे आतडं लवकर पूर्ववत झालं, असं मात्र धरून चालू नका. इस्रायलमधल्याच वाइझमन संस्थेने २०१८ मध्ये अँटिबायोटिकनंतर काही स्वयंसेवकांना अकरा स्ट्रेनचं मिश्रण दिलं. काहीच न घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचे स्वतःचे जीवाणू परतायला उशीर लागला. माणसं मोजकीच होती, तरी ‘काही नाही तर निदान नुकसान तरी नाही’ हे वाक्य त्यानंतर मी वापरायचं सोडलं.

मुलांचे साधे जुलाब: इथे वैद्यकातच एकमत नाही. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडा इथल्या दोन मोठ्या चाचण्या एकाच अंकात छापून आल्या. दोन्हींत मिळून अठराशेच्या वर मुलं. प्रोबायोटिक आणि बिनऔषधी पुडी यांत फरक दिसला नाही. युरोपातले बालरोगतज्ज्ञ तरीही ठरावीक स्ट्रेन देता येतील असं म्हणतात, फार जोर न देता. वाद कसाही मिटो, मुलाचा जीव ओआरएसने वाचतो. सोबत १४ दिवस झिंक: सहा महिन्यांच्या पुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. प्रोबायोटिक आणलं आणि ओआरएस राहून गेलं असं घराघरात घडतं, आणि त्याचा मला खरोखर राग येतो. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ओआरएस घ्या.

तान्ह्याचं कळा येऊन रडणं: अंगावर पिणाऱ्या बाळांत लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी डीएसएम १७९३८ या स्ट्रेनने रडणं कमी झाल्याचं दिसलंय. बाटलीचं दूध पिणाऱ्यांत तसा पुरावा नाही.

दूध न पचणं: विरजणातले जिवंत जीवाणू दुधातली साखर पचवायला मदत करतात, हा युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये मान्य केलेला दावा आहे. या प्राधिकरणाकडे प्रोबायोटिकचे दावे ढिगाने आले आणि बहुतेक सगळे फेटाळले गेले. टिकला तो योगर्टचा, म्हणजे आपल्या दह्याच्या भावकीचा.

नवजात बाळांतला जंतुसंसर्ग: आपल्या देशातलं सगळ्यात मोलाचं काम इथे झालंय. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांवर नवजात बाळांना एक आठवडा लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम एटीसीसी २०२१९५ हा स्ट्रेन आणि त्याचं खाद्य असलेली एक साखर दिली गेली. पहिल्या दोन महिन्यांत सेप्सिस (अंगभर पसरलेला जंतुसंसर्ग) किंवा मृत्यू यांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ वर आलं. २०१७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात हे छापून आलं. पण ती बाळं पूर्ण दिवसांची किंवा जवळपास तशी, निदान दोन किलोची, आईच्या दुधावरची होती, आणि स्ट्रेन तोच एक. मेडिकलमधल्या कुठल्याही ड्रॉप्सना हे यश उसनं देता येत नाही.

गॅस, पोट फुगणं, आयबीएस (आतड्याची सततची कुरकुर, पोटदुखी, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ): अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की आयबीएससाठी प्रोबायोटिक चाचणीपुरतंच वापरावं. वजन, त्वचा, केस, मूड यांसाठी तर खिसा बंद ठेवा.

पायरी ६ : कोणी स्वतःच्या मनाने घेऊ नये

प्रोबायोटिक सुरक्षित असतात हे वाक्य धडधाकट माणसासाठी खरं आहे. नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाचा तीव्र दाह झालेल्या २९६ रुग्णांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रोबायोटिक दिलेल्यांत १६ टक्के दगावले, न दिलेल्यांत ६ टक्के. अतिदक्षता विभागातला रुग्ण, किमोथेरपी चालू असलेला, अवयव बदललेला, शिरेत मोठी नळी घातलेला, हृदयाची झडप बदललेला: यांच्यासाठी घरून कुपी नेऊ नका. बुलार्डीचं यीस्ट अशा नळीच्या वाटेने रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत.

दिवस भरण्याआधी जन्मलेली बाळं हा नाजूक विषय. आतडं सडण्याचा जो आजार त्यांना होतो तो काही स्ट्रेनने कमी होतो, असा पुरावा आहे. त्याच वेळी २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध नियामक) इशारा दिला: प्रोबायोटिक दिलेल्या एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात त्याच उत्पादनातला बिफिडोबॅक्टेरियम पसरला आणि बाळ दगावलं. हा निर्णय नवजात विभागातल्या डॉक्टरांचाच.

पायरी ७ : दही, ताक, आणि बाकीची भावंडं

घरच्या विरजणात जिवंत जीवाणू भरपूर असतात. कोणते, किती, हे मात्र घरागणिक, ऋतूगणिक बदलतं, म्हणून शास्त्रीय अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणत नाहीत. त्याने दह्याचं काही कमी होत नाही. मला विचाराल तर निरोगी माणसाने रोज वाटीभर दही किंवा पेलाभर ताक घ्यावं आणि बाटलीचे पैसे वाचवावेत. प्रथिनं आणि कॅल्शियम वर फुकट.

आंबवलेलं सगळं जिवंत नसतं, हे लक्षात असू द्या. कढी उकळली की जीवाणू गेले. इडली, आंबोळी, ढोकळा, आंबील यांत आंबण्याचे फायदे उरतात, जीवाणू उरत नाहीत. आपलं तेल-मोहरीचं कैरीचं लोणचं मुळात मीठ आणि तेलावर टिकतं. सोलकढी आंबट असली तरी आंबवलेली नाही. गाजर-मोहरीची आंबवलेली कांजी न उकळता प्यायलात तर ती जिवंत.

पायरी ८ : घ्यायचं ठरलं तर

अँटिबायोटिकसोबत असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवसापासूनच सुरू करा. जुलाब लागून चार दिवस झाल्यावर नाही. दोन्हींत दोनएक तासांचं अंतर ठेवा. बुलार्डीला हे अंतर लागत नाही, पण फ्लुकोनाझोलसारखं बुरशीवरचं औषध चालू असेल तर बुलार्डी वाया जातो. कॅप्सूलमधली पूड गरम चहात, गरम पेजेत कालवू नका. साधं पाणी, गार दूध चालेल. अँटिबायोटिक संपल्यावर किती दिवस पुढे घ्यायचं ते डॉक्टरांना विचारा, आणि ‘कधी थांबवू?’ हेही त्याच भेटीत विचारा. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, मूल सुस्तावणं यांपैकी काही दिसलं तर बाटली बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

पायरी ९ : आता घडवलेले जीवाणू

पहिला फरक. इन्शुलिन बनवणारा ई. कोलाय १९७८ पासून माहीत आहे, आणि ते इन्शुलिन अमेरिकेत १९८२ मध्ये मंजूर झालं. पण तो जीवाणू कारखान्याच्या टाकीतच राहतो. आपल्याला मिळतो तो गाळलेला, शुद्ध केलेला माल. आता ज्या बातम्या येतात त्यांत कारखानाच पोटात पाठवायचा असतो. म्हणून वरच्या प्रश्नांत एकाची भर पडते: काम झाल्यावर तो बाहेर कसा पडणार?

बातमीत बहुतेक वेळा निसल १९१७ असतो. पहिल्या महायुद्धात बरोबरीचे सैनिक हगवणीने लोळत असताना एक सैनिक ठणठणीत राहिला. फ्रायबुर्गच्या आल्फ्रेड निसल या डॉक्टरांनी त्याच्या विष्ठेतून हा ई. कोलाय वेगळा काढला, आणि जर्मनीत तो म्युटाफ्लोर नावाने औषध झाला. शंभर वर्षं माणसांनी खाल्लेला, जनुकं बदलायला सोपा, म्हणून आजच्या प्रयोगशाळांचा लाडका. लाडका असला तरी निष्पाप नाही: कोलिबॅक्टिन हे डीएनएला इजा करणारं रसायन बनवण्याची जनुकं त्याच्यात आहेत. बातमीत निसल दिसला तर ती जनुकं काढली आहेत का, हा विचारण्याजोगा प्रश्न.

निसलवरची सगळ्यात दूर गेलेली गोष्ट फिनाइलकीटोनयुरिया या आजाराची. या जन्मजात आजारात प्रथिनातला फिनाइलअॅलनिन हा घटक यकृताला मोडता येत नाही, तो रक्तात साठून मेंदूला इजा करतो, आणि माणसाला आयुष्यभर डाळ, दूध, मांस तोलून-मापून खावं लागतं. अमेरिकेतल्या सिनलॉजिक कंपनीने निसलमध्ये असं जनुक घातलं की आतड्यातच तो फिनाइलअॅलनिन मोडून टाकेल. बाहेर पडण्याची सोयही केली: पेशीची भिंत बांधायला लागणारा एक घटक स्वतः बनवण्याची त्याची क्षमता काढून घेतली. तो घटक माणसाच्या शरीरात मिळत नाही, त्यामुळे जीवाणूला वाढता येत नाही. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत रक्तातलं प्रमाण उतरलं. मग तिसरा टप्पा सुरू झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने तो थांबवला: ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं जाण्याची शक्यता कमी दिसत होती. सुरक्षिततेची तक्रार नव्हती; गुण पुरेसा नव्हता. ‘शास्त्रज्ञांना यश’ अशा मथळ्याची बातमी बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या टप्प्याची असते.

बेल्जियममध्ये याच्या आधीच एक देखणी कल्पना निघाली होती. चीज बनवणाऱ्या लॅक्टोकॉकस लॅक्टिसला आतड्याचा दाह शमवणारं आयएल-१० हे प्रथिन बनवायला शिकवलं, तेही त्याच्या थायमिडीन (डीएनए बांधायला लागणारा घटक) बनवणाऱ्या जनुकाच्या जागी आयएल-१० चं जनुक बसवून. शरीराबाहेर थायमिडीन मिळालं नाही की जीवाणू मरतो. २००६ मध्ये क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराच्या दहा रुग्णांवर हे करून पाहिलं. कुलूप व्यवस्थित चाललं. पुढे औषध काही त्यातून आलं नाही.

मुतखड्याशी जोडलेली गोष्ट जास्त शिकवून जाते. काही लोकांचं आतडं अन्नातलं ऑक्झॅलेट जरुरीपेक्षा जास्त शोषतं आणि खडे होतात. नोव्होम या कंपनीने आतड्यातल्याच एका जीवाणूला ऑक्झॅलेट खायला शिकवलं, शिवाय पोर्फिरन ही समुद्री शेवाळातली साखर पचवण्याची जनुकं दिली. आपल्या आतड्यातले जीवाणू सहसा ही साखर खात नाहीत. म्हणजे रुग्णाने पोर्फिरन खाल्लं की पाहुणा टिकेल, बंद केलं की जाईल. कल्पना सुरेख, आणि बरीचशी चालली. पण २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या निबंधात दिसतं की काही जणांच्या पोटात त्या जीवाणूने स्थानिक जीवाणूंशी जनुकांची देवाणघेवाण केली आणि पोर्फिरनशिवाय राहायला शिकला. प्रयोगशाळेत लावलेलं कुलूप आतड्यात उघडू शकतं, हे तिथे माणसांत दिसलं.

विकत मिळणारा घडवलेला जीवाणूही आहे. झेडबायोटिक्स नावाची छोटी बाटली अमेरिकेत २०१९ पासून विकली जाते: दारूतून तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड मोडणारा बॅसिलस सबटिलिस. ती अन्न म्हणून विकली जाते. औषध म्हणून एफडीएची मंजुरी तिला नाही. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा फरक ध्यानात ठेवावा, आणि सुट्टीला येताना ती मित्रांसाठी बॅगेत टाकू नये. आपल्याकडे जनुकीय बदल केलेल्या जीवांना १९८९ पासूनचे वेगळे नियम आहेत आणि असं अन्न आणायला, विकायला आधी परवानगी लागते.

आणि जिवंत जीवाणूंचा सगळ्यात भरवशाचा उपचार कोणता विचाराल, तर तो पोटातला नाही आणि जनुकं कापून घडवलेलाही नाही. मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरवर बीसीजी, म्हणजे क्षयाच्या लशीतलाच दुबळा केलेला जीवाणू, नळीने मूत्राशयात सोडतात. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. १९७६ पासून हे चालू आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ऑन्को-बीसीजी बनवते. ट्यूमरमध्ये निसल सोडून रोगप्रतिकारक पेशींना जागं करायचे जे प्रयोग उंदरांवर गाजतायत, त्यांची जातकुळी हीच.

पायरी १० : बातमी किंवा चाचणीचं बोलावणं आलं तर

बातमीत आधी ‘उंदीर’ शब्द शोधा. नाही सापडला तर टप्पा शोधा, मग माणसं किती होती ते. मग तुलना कशाशी केली: बिनऔषधी पुडीशी, की कशाशीच नाही.

भारतातली प्रत्येक औषधचाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत सुरू होण्याआधी नोंदवावी लागते. ती आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद चालवते, इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येते. प्रोबायोटिकच्या बऱ्याच चाचण्या तिथे आहेत. स्ट्रेनचं नाव इंग्रजीत टाकून शोधा. कोणी तुम्हाला सामील व्हा म्हणालं तर सीटीआरआय क्रमांक मागा, मराठीतलं संमतीपत्र मागा, आणि ते घरी नेऊन वाचा. जागच्या जागी सही करायची सक्ती नसते. इजा झाली तर उपचाराचा खर्च कोण करणार, मध्येच सोडता येईल का, हे त्या कागदावर लिहिलेलं असलं पाहिजे. जीवाणू घडवलेला असेल तर तो अंगातून गेला की नाही हे कसं आणि किती दिवस तपासणार, त्यासाठी विष्ठेचे नमुने किती वेळा द्यावे लागतील, आणि तो गेला नाही तर कोणतं अँटिबायोटिक त्याला मारतं, हे तीन प्रश्न वहीवर लिहून न्या. शेवटच्याचं उत्तर औषधाच्या नावासकट मिळालं पाहिजे.